सातवं चाक

जीपला चार चाकं आणि ट्रॉलीला दोन, म्हणजे एकूण सहा, एवढा हिशोब श्रीहरी उराडे गुरुजींना येत होता. ते चंद्रपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. सातव्या चाकाचा प्रश्न काढला तो हाफिजभाई मिस्त्रींनी, तोही चहाची बशी तोंडाशी नेता नेता.

"गुरुजी, बाकी सब ठीक आहे. पण स्टेपनी कुठी आहे?"

गुरुजींनी जीपच्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं, गुडघे टेकून खाली पाहिलं. जादाचं चाक कुठंच नव्हतं. जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतली होती आणि लिलावाच्या कागदावर 'चाके – चार' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. सरकारनं मोजून चार दिली होती. दोन महिने जीप दारात उभी असताना आपल्याला हा प्रश्न कसा पडला नाही, याचंच गुरुजींना जास्त नवल वाटलं. एरवी प्रश्न पडणं हाच त्यांचा स्वभाव. कुकरची शिट्टी तिसरीच का मोजायची, इथपासून ते कोंबडी डोळे मिटते तेव्हा खालची पापणी वर का जाते, इथपर्यंत त्यांना सगळंच पडत असे, आणि उत्तरं शोधण्याच्या नादात शिट्ट्या पाच होत.

पण या वेळी प्रकरण साधं नव्हतं. गुरुजींची धाकटी बहीण सीता मुलचेऱ्याच्या पुढं सात-आठ मैलांवरच्या खेड्यात राहायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या धानात रोवणी करून ती दिवस काढत होती. त्या गावात पिठाची चक्की नव्हती; बायका दळण डोक्यावर घेऊन मुलचेऱ्याला जात. सीतानं एका सरकारी योजनेत अर्ज केला, दीड वर्ष चकरा मारल्या, आणि तिला डिझेल इंजिनाची चक्की मंजूर झाली. अट एकच होती. वीस मार्चला तपासणी अधिकारी गावात येणार, आणि संध्याकाळी पाचच्या आत यंत्र जागेवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मंजुरी रद्द, आणि चक्की यादीतल्या पुढच्या माणसाला. यंत्र चंद्रपूरला मिळणार होतं. गुरुजींनी पोस्टकार्डावर बहिणीला लिहून टाकलं होतं, की काळजी करू नको, मी स्वतः जीपनं आणून देतो. जीपमागे जोडायला हाफिजभाईंनी आपली ट्रॉली उसनी दिली होती.

"सव्वाशे किलोमीटर जंगल," हाफिजभाई म्हणाले. "एक टायर फुटला तं चक्की रानातच लावा लागन. अस्वलं येतीन दळण घेऊन."

आता स्टेपनी घ्यायची हे ठरलं. पण कोणाची? जीपची चाकं मोठी, ट्रॉलीची लहान. जीपची घेतली तर ट्रॉलीला बसणार नाही, ट्रॉलीची घेतली तर जीपला. गल्लीत ताबडतोब दोन पक्ष पडले. जीप पक्षाचं म्हणणं, की ओढणाऱ्याचा पाय मोडला तर सगळंच थांबलं. ट्रॉली पक्षाचं म्हणणं, की ओझं ज्याच्या डोक्यावर त्याचीच मान मोडते. ज्यांच्या घरात सायकलसुद्धा नव्हती, त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती. गुरुजींच्या पत्नी कांताबाईंचा तिसरा पक्ष होता.

"दोन्ही घ्या ना अवो. सीताबाईचं काम हाय. विचार करून करून मार्च निंगून जाईन."

पण नुसत्या मतांवर चाक घेणं गुरुजींना पटेना. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, असं ते पोरांना शिकवत. म्हणून एका रविवारी ते वही, पेन्सिल आणि छत्री घेऊन बल्लारपूरच्या रस्त्याला उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या स्टेपन्या मोजू लागले. कोणाकडे आहे, कुठे बांधली आहे, गुळगुळीत आहे की नक्षीची, असे तीन रकाने होते. पहिल्या तासाभरानंतर त्यांच्या लक्षात आलं, की ट्रक त्यांना पाहून हळू होतात आणि ड्रायव्हर सलाम करतात. दुसऱ्या तासात एका ड्रायव्हरनं उतरून सगळे कागद त्यांच्या हातात दिले आणि "साहेब, या बारी जाऊ द्या" म्हणाला. कोळशाच्या गाड्यांत बातमी पसरली होती, की छत्रीवाला कोणी नवा साहेब आला आहे. गुरुजींनी त्याला बसवून, तुमचं कोणतं चाक जास्त फुटतं, हे विचारून घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "ज्याची स्टेपनी नसते ते." हे उत्तर कोणत्या रकान्यात घालावं हे न कळून गुरुजींनी ते समासात लिहिलं.

त्या रात्री जेवताना त्यांना एकदम सुचलं. दोन मापांचा वाद मिटवायचा तर दोन मापंच कशाला हवीत? ट्रॉलीलाही जीपचीच चाकं लावायची. मग एकच सातवं चाक सहांपैकी कुठंही बसेल. हाफिजभाईंनी हे ऐकून थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं आणि "दिमाग आहे गुरुजी तुमचा," असं म्हणाले. त्यांनी ट्रॉलीचा आस बदलला, जीपच्या मापाची दोन जुनी चाकं बसवली. एकाच मापाचं सातवं चाक मात्र चंद्रपुरात मिळेना. ते गडचांदूरला आहे असं कळलं. तिकडे चुनखडीच्या खाणींवर जुन्या जिपा मोडीत निघत. गुरुजी जीप घेऊन गेले, दुपारभर ढिगात वाकून चाकांवर टिचक्या मारून पाहिल्या, आणि त्यातल्या त्यात चांगला आवाज देणारं एक चाक घेऊन परत निघाले.

शहराच्या वेशीवर जकात नाका होता. तिथल्या कारकुनानं जीपमध्ये डोकावून विचारलं, "हे काय आहे?"

"स्टेपनी."

"गाडीले लागली आहे का?"

"नाही, आत ठेवली आहे."

"मंग माल आहे. गाडीले लागलं तं गाडी, सुटं असन तं माल. मालावर जकात."

गुरुजींना हा भेद फार आवडला. त्यांनी कारकुनाला दोन-तीन शंका विचारल्या, उदाहरणार्थ ड्रायव्हर खाली उतरला तर तो माल होतो का. कारकुनानं पावतीपुस्तक उघडलं. तेव्हा गुरुजींनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, जॅक लावला, जीपचं मागचं चाक काढलं आणि नवं बसवलं. पाऊण तास लागला. मागे बैलबंड्यांची रांग लागली. घाम पुसत ते म्हणाले, "आता हे गाडीला लागलं."

कारकुनानं मान डोलावली आणि काढलेल्या चाकाकडे बोट दाखवलं. "हे सुटं आहे."

"ते तर चंद्रपूरचंच आहे. सकाळी इथूनच गेलं."

"जाताना नोंद केली होती?"

गुरुजींनी जकात भरली. पावतीवर 'जुने चाक, नग एक' असं लिहिलेलं वाचून त्यांना जे वाटलं ते त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही. एका शिक्षित माणसाला आपलंच चाक आपल्याच गावात आयात करावं लागलं होतं.

घेण्यापेक्षा ठेवणं अवघड, हे पुढच्या आठवड्यात कळलं. पहिल्या दिवशी चाक ओसरीवर ठेवलं, तर त्यावर शेजारच्या कोंबड्या बसल्या. अंगणात ठेवलं तर चोरीची भीती. घरात आणलं तर रबराचा वास, आणि कांताबाईंनी त्यावर पाट टाकून पापड वाळत घातले. पण खरा प्रश्न प्रवासात कुठं ठेवायचं हा होता. जीपच्या मागे लावलं तर ट्रॉलीच्या आकड्याची खीळ काढायला हात जाईना. बॉनेटवर लावलं तर गुरुजींची उंची आड येई. बसल्या जागेवरून त्यांना रस्ता दिसायचा बंद झाला, फक्त टायरची नक्षी दिसे. ट्रॉलीत चक्कीखाली ठेवलं तर काढण्यासाठी चक्की उतरवायची. चक्कीवर ठेवलं तर ते घरंगळून इंजिनाचा पाइप मोडायचं.

इथे शेजारचे वारलूभाऊ आत्राम मदतीला आले. वारलूभाऊ वनखात्यातून नाकेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि लाकडाविषयी त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा होता.

"लोखंड गंजते मास्तर. सागवान नाई गंजत. ट्रॉलीच्या दांडीवर सागवानाची चौकट ठोका. चाक तिच्यात उभं बसन, पोरगं पाळण्यात बसते तसं."

त्यांनी घरामागून आलापल्लीच्या जंगलातलं जुनं, काळं पडलेलं सागवान काढून दिलं आणि स्वतः उभं राहून चौकट करून घेतली. ती इतकी देखणी झाली, की लोक चक्की सोडून तीच पाहायला येऊ लागले. सागवान ज्यांच्या घरी चुलीशेजारच्या पाटापासून म्हशीच्या खुंट्यापर्यंत सगळीकडे असतं, त्या लोकांच्या मनात जी गोष्ट यायला हवी होती ती कोणाच्याच मनात आली नाही. वारलूभाऊंच्या तर नाहीच नाही.

वीस मार्चला पहाटेच गुरुजी निघाले. कांताबाईंनी भाकरी बांधून दिल्या. बल्लारपूर गेलं, गोंडपिपरी गेलं. मागे चक्की, तिच्यापुढे चौकटीत उभं सातवं चाक. गुरुजींना मान वळवून वळवून ते पाहावंसं वाटत होतं. पुढं जंगलाच्या नाक्यावर बांबू आडवा झाला.

नाक्यावरचा माणूस ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आला. "हे सागवान आहे."

"हा स्टँड आहे," गुरुजी म्हणाले.

"स्टँड कायचा आहे?"

"सागवानाचा."

"मंग पास दाखवा. बिना पासचं सागवान नाई जात इथून."

गुरुजींनी शेवटचा उपाय म्हणून वारलूभाऊंचं नाव घेतलं. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "वारलू आत्राम? आमचे गुरू ते. त्यायनच शिकवलं मले, का कोणाचंच नाव ऐकाचं नाई."

पंचनामा झाला. रस्त्यानं जाणारे दोघं पंच म्हणून बसवले. चौकट जप्त झाली. चाक मात्र लाकूड नसल्यानं सुटलं, आणि ते मिळाल्याबद्दल गुरुजींची सही घेतली गेली. साडेदहा वाजून गेले होते. आता चाकाला जागाच उरली नव्हती. गुरुजींनी ते उचलून आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं, घरंगळू नये म्हणून दोरीनं बांधलं, आणि निघाले. वाटेत भेटणारी माणसं आधी चाकाला पाहत, मग त्यांना.

मुलचेऱ्याच्या अलीकडे एका वळणावर सरकारी जीप एका अंगावर कलून उभी होती. ड्रायव्हर चाकाकडे पाहत होता आणि पांढऱ्या शर्टातले एक साहेब घड्याळाकडे. गुरुजी थांबले. थांबायला कारण होतं, पण थांबल्यावर पहिला प्रश्न त्यांच्या तोंडून आला तो निव्वळ कुतूहलानं.

"तुमची स्टेपनी कुठं ठेवता?"

"मागणीपत्र पाठवलं आहे," साहेब म्हणाले. "दोन वर्षं झाली."

बोलता बोलता उलगडा झाला. हे दहीकर साहेब, तपासणी अधिकारी, आणि ते सीताच्याच गावाला निघाले होते. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, "मग काय, चला माझ्या जीपमध्ये. मी तिथंच चाललो आहे, चक्की घेऊन."

साहेबांनी ट्रॉलीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. "ही चक्की लाभार्थीची? आणि आपण?"

"भाऊ."

"मग मला आपल्या गाडीत बसता येणार नाही. लाभार्थीच्या वाहनातून तपासणीला जाणं नियमात बसत नाही."

मग साहेबांची नजर सीटवर बांधलेल्या चाकाकडे गेली. ते विचार करून म्हणाले, "चाकाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

एक महिना. पेन्सिल, छत्री, गडचांदूरचा ढीग, जकात, पंचनामा. गुरुजींनी चाकाकडे पाहिलं. पण साहेब पोचलेच नाहीत तर चक्की पोचून उपयोग काय? त्यांनी दोरी सोडली. चाक साहेबांच्या जीपला अगदी बरोबर बसलं, कारण ते कुठल्याही जीपला बसणारं होतं. "मी पाचपर्यंत थांबेन," असं सांगून साहेब धूळ उडवत गेले.

ट्रक ड्रायव्हरनं जे समासात लिहायला लावलं होतं ते साडेतीन मैलांवर खरं ठरलं. मुलचेरा मागं टाकून जीप गाडीवाटेला लागली, तोच ट्रॉलीचं डावं चाक खडकावर आपटून असं फाटलं की आतली ट्यूब बाहेर येऊन लोंबू लागली. गुरुजी खाली उतरले, त्यांनी ती पाहिली, आणि पळसाखाली बसून भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी मात्र फडक्यातच राहिली. सीता आता दारात उभी असेल. साहेब आले, चक्की नाही आली. दादाच्या शब्दावर ती निर्धास्त राहिली होती.

एक-दीडच्या सुमारास एक रिकामी बैलबंडी आली. जवळच्या बंगाली लोकांच्या वस्तीतला निताई मंडल बाजारातून परतत होता. त्यानं सगळं पाहिलं, विचारलं काहीच नाही, आणि वस्तीतून चार माणसं आणली. चक्की आणि इंजिन बंडीवर चढवायला तास गेला. ट्रॉली ओढून निताईच्या अंगणात उभी केली. मग पुढं बंडी आणि मागं जीप, अशी वरात निघाली. वाट एका बंडीपुरतीच होती. पुढं निघून साहेबांना थांबवावं तर बाजूला जागा नाही. हॉर्न वाजवला की बैल थांबत. पहिल्या गिअरमध्ये तासभर चालून जीपचं पाणी उकळलं, तेव्हा निताईनं बैलांसाठी आणलेलं पाणी तिला पाजलं.

"निताई, बंडीला जादाचं चाक नसतं का?" गुरुजींना राहवलं नाही.

"टूटेगा तो बना लेगा बाबू," निताई म्हणाला. गुरुजींना हे उत्तर फार वेळ पुरलं.

गावात शिरले तेव्हा पाचाला वीस मिनिटं कमी होती. सीताच्या घरासमोर साहेब खाटेवर बसले होते, उपाशी, कारण लाभार्थीच्या घरी जेवणंही नियमात बसत नव्हतं. त्यांनी कागद मांडीवर घेतला होता आणि 'पाहणीच्या वेळी यंत्र' एवढं लिहून ते थांबले होते. सीता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बंडी दिसली तशी ती धावत आली, पण चक्कीकडे गेली नाही. "दादा, तुह्या तोंडाचं काय झालं रे? सकाळपासून जेवला नाईस तू?"

साहेबांनी चष्मा लावला. "यंत्र आलेलं आहे. पण ते बंडीवर आहे. जागेवर नाही."

मग त्या गावानं जे केलं ते गुरुजी पुढं कितीतरी वर्षं सांगत. पाणवठ्यावरच्या बायका घागरी ठेवून आल्या, शेतातले गडी आले, निताई होताच. बारा-तेरा माणसांनी चक्की उचलली आणि सीताच्या पडवीत नेऊन ठेवली. पाचाला पाच मिनिटं होती. साहेबांनी पडवीत जाऊन हात लावून पाहिलं, वाक्य पुरं केलं, सही केली, आणि सीताचा अंगठा न घेता तिला सही करू दिली, कारण तिला येत होती.

साहेब जीपमध्ये बसले. गुरुजी चाकाकडे पाहत पुढं झाले. साहेबही अडखळले. "हे चाक..." दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती. चाक काढलं तर साहेब इथंच, आणि कागद साहेबांच्या पिशवीत. गुरुजी म्हणाले, "सावकाश पाठवा."

जीप धड होती, पण हाफिजभाईंची उसनी ट्रॉली एका चाकावर निताईच्या अंगणात टाकून कोणत्या तोंडानं परत जायचं? गुरुजींनी शाळेला रजेचं पत्र पाठवलं आणि ते बहिणीकडं राहिले. नवरा गेल्यापासूनच्या सहा वर्षांत ते येत, रात्री मुक्काम करत आणि सकाळी शाळा आहे म्हणून निघत. या वेळी ते चार दिवस राहिले. त्यांनी इंजिन चालू करून दिलं, पट्टा बसवला. पीठ गरम का येतं यावर विचार केला. सीता दळण करताना बोलत राहायची. सहा वर्षांचं साठलेलं होतं. नवऱ्याच्या शेवटच्या तापाबद्दल ती पहिल्यांदा बोलली, आणि गुरुजींनी पहिल्यांदा काही प्रश्न विचारला नाही.

पाचव्या दिवशी ते नदीवरून अंघोळ करून आले. मुलचेऱ्याहून दुपारच्या एसटीचं सामान आणणारी बंडी येऊन गेली होती.

"चाकाचं काही कळलं का गं?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"नाई बा. सरकारी काम ते. दोन-चार दिवस अजून लागतीन," सीता चक्कीकडे न बघता, दाराकडेही न बघता, चुलीकडे बघत म्हणाली.

गुरुजी पडवीत गेले. कोपऱ्यात गहू-तांदळाची पोती नव्यानं रचलेली दिसली. काल ती भिंतीलगत होती, आज हातभर पुढं. आता असं का, हा प्रश्न त्यांना पडणारच होता. त्यांनी वरचं पोतं थोडं सरकवलं. मागे काळं रबर होतं, आणि त्याला एसटीच्या सामानाची चिठ्ठी अडकवलेली होती.

चाक ठेवण्याची इतकी चांगली जागा त्यांना महिनाभरात सुचली नव्हती. त्यांनी पोतं होतं तसं परत सरकवलं, हात झटकले आणि चुलीपाशी येऊन बसले.

"वाढ बाई," ते म्हणाले. "चाक येईपर्यंत काही घाई नाही."